चिंधीचे मोल

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, बालकलाप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी जुन्नर येथे दिलेले भाषण)



संतशिरोमणी नामदेव महाराजांच्या चरणी वंदन करून मी भाषणास आरंभ करतो. मुलांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या कलाकृतींच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करण्याचा मान चिटणीसांनी माझ्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास दिला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी कलावंत नाही, आणि विद्वान तर नाहीच नाही. परंतु शाळेत कार्यानुभवाचे तास मी पुष्कळ वर्षे घेतले आणि माझा जन्म शिंप्याच्या घरातला. तेव्हा कात्रीखाली पडणाऱ्या चिंधीची व माझी ओळख बाळपणापासूनची आहे. तेवढ्या आधारावर चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द आज प्रत्येक शाळेच्या फलकावर दिसतात. ते वाचून कित्येकांचा असा समज होतो की ही काही नवी विद्या आहे. वस्तुतः आपल्या आज्यांना हे शब्द ठाऊक नव्हते, कारण त्यांच्या घरात टाकाऊ असे फारसे काही नसेच. एका लुगड्याचे आयुष्य आठवून पाहा. ते विरले म्हणजे त्याच्या धड भागातून मुलीचा परकर निघे. परकर फाटला की त्याचे तान्ह्या बाळासाठी दुपटे किंवा कुंची होई. नव्या जिवाच्या अंगाला कोऱ्या कापडापेक्षा वापरून मऊ झालेले कापडच बरे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दुपट्यातून उरलेला तुकडा गोधडीत जाई. गोधडीही जीर्ण झाली म्हणजे तिचे पोतेरे होई, आणि पोतेऱ्याचेही दिवस भरले म्हणजे ते चुलीत जाऊन त्याची राख भांडी घासण्यास उपयोगी पडे. एवढ्या प्रवासात त्या लुगड्याचा एक धागाही ओढ्यानाल्यात गेला नाही.

गोधडी ही केवळ गरिबाची ऊब नव्हे. उन्हाळ्यात शेतीची कामे सरली आणि पावसाळा तोंडावर आला की ओसरीवर लुगडी, धोतरे अंथरून बायका ती शिवावयास बसत. खाली वर धड कापड, मध्ये जुन्या कापडाचे थर, आणि त्या सर्वांना एकजीव करणारा साधा धावदोरा. कडेने सुरू झालेला टाका चौकटीमागून चौकट घेत मध्यावर येई. कोणते काठ समोरासमोर ठेवावेत, लालाशेजारी हिरवे शोभेल की पिवळे, ठिगळ लपवावे की मिरवावे, या प्रश्नांची उत्तरे त्या कोणत्याही चित्रशाळेत न जाता देत असत. बंगालमधील स्त्रिया जुन्या साड्यांवर काथा भरतात, त्यास आज देशोदेशीच्या संग्रहालयांत स्थान मिळाले आहे. आपल्या गोधडीची योग्यता त्याहून कमी आहे असे मला वाटत नाही. कमी पडला तो आपला आदर.

चिंधीचे मोल आपल्या परंपरेस चांगले ठाऊक होते. पहाटेच्या काकडआरतीतला काकडा म्हणजे तरी काय? पीळ देऊन तुपातेलात भिजवलेली चिंधीच ती. श्रीकृष्णाच्या बोटास जखम झाली तेव्हा चिंधीसाठी झालेली धावपळ आणि द्रौपदीने क्षणाचाही विचार न करता फाडलेले आपले वस्त्र, ही कथा प्रत्येक घरात सांगितली जाते. आणि विसाव्या शतकात श्री गाडगे महाराजांनी अंगावर चिंध्यांचेच वस्त्र धारण केले. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. हातात खराटा घेऊन ते आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनास उभे राहत. १९५६ साली त्यांनी देह ठेवला; परंतु स्वच्छतेचे काम करणारा हात हलका नव्हे, हा त्यांचा धडा आपण पुरता गिरवला आहे असे म्हणवत नाही.

आता आपल्या जुन्नरकडे वळू. हे गाव कारागिरांचे आहे. येथील डोंगरांतल्या प्राचीन लेण्यांच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हाताने काम करणारे लोक येथे संघटित होते, प्रतिष्ठित होते, आणि दानधर्माच्या व्यवहारात त्यांच्या श्रेणींवर विश्वास टाकला जात होता. पुढच्या काळात याच गावचा जुन्नरी कागद प्रसिद्धीस आला आणि पेशवाईच्या दप्तरांपर्यंत पोहोचला. तो कशाचा होत असे? जुन्या गोणपाटाचा! आपले मुसलमान कागदी बांधव फाटक्या गोणपाटाचे तुकडे करीत, ते चुन्याच्या पाण्यात भिजवीत, कुटून त्यांचा लगदा करीत आणि वाहत्या पाण्यात धूत. मग हौदातल्या पाण्यात तो कालवून चाळणीवर पातळ थर उचलीत, तो भिंतीवर वाळवीत आणि गुळगुळीत दगडाने घोटून त्यास झिलई आणीत. धान्य वाहून फाटलेल्या पोत्यावर राज्याचा हिशेब लिहिला गेला, याहून टाकाऊचे मोठे भाग्य कोणते?

गिरणीच्या कागदापुढे तो धंदा टिकला नाही. तथापि ती विद्या अगदीच लोपली नाही. महात्मा गांधींच्या प्रेरणेने पुण्यात शिवाजीनगर येथे १९४० साली हातकागदाची संस्था निघाली. हातकागदासाठी झाड तोडावे लागत नाही. सुती कापडाच्या चिंध्या हाच त्याचा उत्तम कच्चा माल. म्हणजे शिंप्याच्या कात्रीखालून जे पडते, त्यावर कवीची कविता किंवा लेकीच्या लग्नाची पत्रिका उमटू शकते. हे नाते आपल्या समाजाने विसरू नये.

आपल्याच तालुक्यातील आणखी एक उदाहरण सांगतो. नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या या परिसरात पसरलेल्या आहेत. ही दुर्बीण उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप २०२० साली निवर्तले. त्यांच्या कार्याचा आरंभ कसा झाला हे मुलांनी अवश्य ध्यानात ठेवावे. १९५० नंतरच्या दशकात ते ऑस्ट्रेलियात शिकत असताना तेथील एका वेधशाळेतील सुमारे सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या निकामी म्हणून मोडीत निघावयाच्या होत्या. त्या भारतास मिळाव्यात अशी त्यांनी खटपट केली. त्या तबकड्या येथे आल्या, काही वर्षे पडून राहिल्या, आणि १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे त्यांच्याच साहाय्याने सूर्याचा वेध घेणारी दुर्बीण उभी राहिली. दुसऱ्याच्या मोडीतून त्यांनी आपल्या देशात एका शास्त्राचा पाया घातला. पुढे खोडदच्या तबकड्याही त्यांनी पोलादी पत्र्याच्या न करता ताणलेल्या तारांच्या जाळीच्या केल्या, त्यामुळे वजन व खर्च दोन्ही वाचले. कमीत कमी कापडात अंगरखा बेतणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे ऐकून धन्यता वाटली असती.

प्रतिवर्षी २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञानदिनी, खोडद येथे विज्ञानप्रदर्शन भरते. जुन्नर व आंबेगाव या आपल्या दोन्ही तालुक्यांतील शाळांची मुले तेथे आपले प्रयोग मांडतात. जुन्या सायकलीचे चाक, मोडक्या पंख्याचे यंत्र, रिकाम्या बाटल्या यांतून मुले किती कल्पक वस्तू करतात हे पाहून मन प्रसन्न होते. कलेच्या क्षेत्रातही हेच घडले आहे. १९४२ साली पिकासो या जगप्रसिद्ध चित्रकाराने सायकलीची जुनी बैठक व हातांची दांडी एकमेकांस जोडून बैलाचे मस्तक साकारले. आपल्या देशात चंदीगड शहर वसत असताना नेकचंद नावाच्या रस्ते खात्यातील एका सामान्य नोकराने पाडलेल्या घरांचे अवशेष, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरशा वर्षानुवर्षे गुपचूप गोळा केल्या. त्यातून शेकडो मूर्ती उभारल्या आणि १९७६ साली ते उद्यान सर्वांस खुले झाले. २०१५ साली नेकचंद वारले; उद्यान आजही लोक पाहतात.

येथवर सांगितले ते आनंदाचे. आता थोडे कटू बोलतो, त्याबद्दल क्षमा असावी.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत पर्यावरण या विषयावर असेच प्रदर्शन भरले होते. गाव व शाळा यांची नावे सांगण्याचे कारण नाही. पहिले पारितोषिक मिळाले ते भीमाशंकरच्या शेकरूस. शेकरू सुरेख होता. पण तो कोऱ्या थर्मोकोलचा होता, त्यावर नवा रंग होता, आणि ज्या झाडावर तो बसला होता त्याची पाने बाजारातून आणलेल्या चकचकीत कागदाची होती. शेजारी बर्फगोळ्याच्या काड्यांचे घर होते. त्या काड्याही कुणी चोखलेल्या नव्हत्या, दुकानातून पुडके आणले होते! कोपऱ्यात एका मुलीने आजोबांच्या जुन्या सदऱ्यांच्या तुकड्यांची लहानशी गोधडी मांडली होती. टाके वाकडेतिकडे होते, पण सगळे तिचे स्वतःचे होते. परीक्षक तिच्यापुढे थांबले नाहीत. प्रदर्शन संपले. शेकरू दोन दिवसांनी शाळेच्या मागील खड्ड्यात पडलेला मी पाहिला. पावसात त्याचे पांढरे मणी सुटले आणि ओढ्याच्या पाण्याबरोबर वाहत गेले. गोधडी मात्र त्या मुलीच्या धाकट्या भावाच्या अंगावर गेली असणार, याबद्दल मला शंका नाही.

दोष मुलांचा नव्हे. दोष आपल्या दृष्टीचा आहे. आपण चकाकीस गुण देतो. पर्यावरणरक्षणाच्या नावाने नवा माल विकत आणून चार दिवसांत त्याचा कचरा करणे, यास कला म्हणता येईल. परंतु टाकाऊतून टिकाऊ म्हणता येणार नाही. त्यास टिकाऊतून टाकाऊ म्हणावे लागेल. थर्मोकोल कुजत नाही. त्याचा चुरा होतो आणि तो माती-पाण्यात मिसळतो. जाळला तर काळा विषारी धूर होतो. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्मोकोलच्या वस्तूंवरही बंदी घातली ती याच कारणास्तव.

आपल्या भागातील कचऱ्याचे रूपही आता पालटले आहे. नारायणगावच्या टोमॅटोचे नाव दूरवर पोहोचले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा कागद, ठिबकच्या फाटक्या नळ्या, झाडे बांधण्याची प्लॅस्टिकची सुतळी, शेडनेटच्या चिंधड्या, हे सारे हंगाम संपल्यावर बांधाला पडते. मल्चिंगने पाणी वाचते, तण कमी होते. शेतकरी तो हौसेने वापरीत नाही. परंतु तो कागद साधारणपणे २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो. उन्हाने तो विरतो, उचलताना फाटतो, त्याचे तुकडे मातीत राहतात, आणि मातीने माखल्यामुळे भंगारवालाही तो घेत नाही. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या काठी झाडाझुडपांना लटकलेल्या काळ्या चिंध्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या चिंध्या कोणत्याही सुईने शिवता येत नाहीत.

कापडाचेही तसेच झाले. पूर्वीची चिंधी सुती होती. आजची बहुतेक चिंधी पॉलिस्टरची किंवा मिश्र धाग्याची असते. तिचा कागद होत नाही, ती लवकर कुजत नाही, आणि तिच्या गोधडीत घाम टिपला जात नाही. म्हणून जुन्या काळचे गोडवे गाऊन आपली सुटका होणार नाही. कोणती चिंधी कशाच्या कामाची, हे ओळखण्याची नवी जाण आपणांस शिकावी लागेल. सुती असेल तर गोधडी, दुपटे, कागद. पॉलिस्टर असेल तर बाजाराची पिशवी, पायपुसणे, उशीचे भरण. कापडाची पारख हीच तर आपल्या घराण्यांची विद्या होती.

आणि येथेच मला समाजातील ज्येष्ठांशी मन मोकळे करावयाचे आहे. तयार कपड्यांच्या दुकानांमुळे आपला परंपरागत धंदा खालावला. मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, हे उत्तमच झाले. परंतु त्याबरोबर सुईदोऱ्याचा संकोच आपल्या घरांत शिरला. एके काळी मुलींच्या परिचयपत्रकात 'शिवणकाम उत्तम येते' असे अभिमानाने लिहीत. आता ते कोणी लिहीत नाही. येत असले तरी लिहीत नाही. आजीची गोधडी पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून माळ्यावर जाते आणि शहरातल्या दुकानात तशीच गोधडी हजारो रुपयांस विकली जाते. ज्या आज्यांना काठ जुळवून गोधडी घालता येते, त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. आणखी दहा वर्षांनी हा टाका कोणास विचारणार? कागदाची विद्या जुन्नरातून गेली, तशी ही जाऊ द्यावयाची काय?

त्याहूनही एक मोठी गोष्ट आहे. टाकाऊ वस्तूस आपण नीच मानतो, तेव्हा ती उचलणाऱ्या माणसासही नीच मानतो. आपण टाकलेले कागद, काच, पत्रा निवडून त्याचे पुन्हा सोने करणारे लोक आहेत. पुण्यात १९९३ साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्या समाजातील तळच्या मानल्या गेलेल्या जातींतील आहेत. टाकाऊतून टिकाऊ करण्याचे खरे काम त्या रोज करतात. त्यांना कोणी पारितोषिक देत नाही. ज्ञातीच्या मेळाव्यात हे बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण ज्या नामदेवरायांनी भक्तीच्या वाळवंटात चोखोबांना कवटाळले, त्यांचे नाव घेणाऱ्यांनी हे न बोलावे तर कोणी बोलावे?

तेव्हा अध्यक्ष महाशयांच्या अनुज्ञेने चार विनंत्या करतो.

पहिली, पुढील वर्षापासून आपल्या प्रदर्शनात गुण देताना तीन प्रश्न विचारावेत. या वस्तूतील किती माल विकत आणलेला आहे? प्रदर्शनानंतर ही वस्तू घरात काय काम करील? आणि ती मोडल्यावर तिचे पुढे काय होईल? ज्यास या तिन्हींची उत्तरे देता येतील तो पहिला. हात वाकडा असला तरी चालेल.

दुसरी, ज्यांची शिवणाची दुकाने आहेत त्यांनी दोन पोती ठेवावीत. एकात सुती चिंधी, दुसऱ्यात बाकीची. बेतताना चिंधी कमी पाडणारा कारागीर श्रेष्ठ, हे तर आपण जाणतोच. पडेल ती वेगळी ठेवणाराही तितकाच श्रेष्ठ मानावा.

तिसरी, उन्हाळ्याच्या सुटीत आठ दिवस समाजमंदिरात गोधडीचा वर्ग भरवावा. शिकविणाऱ्या आपल्या आज्या. शिकणारे मुलगे व मुली दोन्ही. तयार होणाऱ्या प्रत्येक गोधडीखाली एक चिठ्ठी लावावी: कापड कोणाचे, टाके कोणाचे, दिवस किती लागले. पुण्यात दिनकर केळकर यांनी जुन्या वाड्यांतून अडगळीत पडलेले दिवे, अडकित्ते, भांडी आयुष्यभर गोळा केली आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला, म्हणून ती कला आज आपण पाहू शकतो. आपणही आपल्या पुरते एवढे जतन करावे.

चौथी विनंती लहान आहे. पुढील मेळाव्यात पारितोषिके वाटण्यासाठी एखाद्या बड्या पाहुण्याऐवजी आपले गाव झाडणाऱ्या एखाद्या भगिनीस व्यासपीठावर सन्मानाने बोलवावे, आणि पहिली गोधडी तिच्या खांद्यावर घालावी.

बालमित्रहो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. आज येथे मांडलेल्या वस्तूंपैकी काही सुबक आहेत, काही ओबडधोबड आहेत. मला दोन्ही आवडल्या. घरी गेल्यावर आजीजवळ बसा आणि तिला विचारा, की तुझ्या लग्नातल्या लुगड्याचे पुढे काय झाले? ती जे सांगेल ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. मग सुईत दोरा ओवा. तिला आता नीट दिसत नसेल. तेवढे काम तुम्ही करा, टाका ती दाखवील.

हे प्रदर्शन सर्वांस पाहण्यासाठी खुले झाले असे जाहीर करतो. जय हरी विठ्ठल.